डोनर शोधताना खोक्यावरचं स्केल नाही, चाकाचं माप पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: १/३५ स्केलमध्ये १९१९ ची पीअरलेस चिलखती गाडी स्क्रॅचबिल्ड करायची, म्हणजे तयार किटशिवाय स्वतः बांधायची आहे. प्लास्टिक शीट कापणं, जोडणं, रिव्हेट बसवणं जमतं. पण चाकं, साखळी, मशीनगन, पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) यांच्यापाशी काम अडतं. त्यासाठी कोणती किट डोनर म्हणून, म्हणजे भाग काढून घेण्यासाठी, घ्यावीत, ती कुठे शोधावीत, आणि १/३२ ची जुनी किट १/३५ मध्ये चालतात का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. चालतात, आणि कधी कधी १/३५ पेक्षा बरी चालतात. डोनरचा भाग एकदा मॉडेलवर बसला की तो कुठल्या स्केलच्या खोक्यातून आला हे कोणालाच दिसत नाही. दिसतात ते फक्त मिलिमीटर. म्हणून मी डोनर शोधताना गाडीचं नाव टाकून शोधतच नाही. हव्या असलेल्या भागाचं खरं माप काढतो, ३५ ने भागतो, आणि तेवढ्या मिलिमीटरचा तसा दिसणारा भाग जगात कुठेही आहे का ते पाहतो. मग तो रेल्वे मॉडेलमधला असो, मोटारसायकलच्या किटमधला असो, नाहीतर इंजेक्शनच्या सुईचा तुकडा असो.

आता गाडीकडे वळू. पीअरलेस ही मुळात जोडकामाचीच गाडी. खाली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या पीअरलेस कंपनीची तीन टनी लॉरी, वर ऑस्टिनने चढवलेलं चिलखत, शेजारी शेजारी दोन टरेट (बंदुकीचे फिरते मनोरे), त्यांत हॉचकिस मशीनगन, भरीव रबराचे टायर आणि मागच्या चाकांना साखळी. त्या काळातल्या बहुतेक चिलखती गाड्यांची हीच तऱ्हा आहे. १९१४ पॅटर्नची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चेसिसवर उभी राहिली. रशियाची गारफर्ड-पुतिलोव्ह अमेरिकन गारफर्ड लॉरीवर, तर जेफरी-पोप्लाव्को जेफरी क्वाडवर. म्हणजे डोनरचा शोधही गाडीगणिक न करता थरागणिक करायचा. चेसिसच्या थरासाठी अमेरिकन लॉऱ्यांची किट बघा, वरच्या थरासाठी ऑस्टिनची, आणि शस्त्रांसाठी त्या काळच्या ब्रिटिश रणगाड्यांची. "पीअरलेस" हा शब्द टाकून शोधत बसलात तर हाताला फारसं काही लागणार नाही. असं तीन थरांत शोधलंत तर निम्मी गाडी सापडते.

त्याआधी काय शोधायचं नाही ते ठरवा. बोनेट बंद ठेवणार असाल तर इंजिन नको. रेडिएटरसमोर चिलखती झडपा आहेत. त्या बंद किंवा अर्धवट उघड्या दाखवल्या तर मागे काळा रंग दिलेली बारीक जाळी पुरते. जुन्या इलेक्ट्रिक रेझरची फॉइल या कामाला फार छान. चेसिसच्या दोन लांब पट्ट्या म्हणजे साधं सी-चॅनल; तयार प्लास्टिक पट्ट्यांतून ते डोनरपेक्षा सरळ आणि नेटकं होतं. चिलखताच्या पत्र्यांसाठी तर डोनर शोधूच नये. त्या काळच्या गाड्यांचं चिलखत साधारण ६ ते १२ मिमी, म्हणजे १/३५ मध्ये ०.१७ ते ०.३४ मिमी. ०.२५ मिमीची शीट दिसत्या कडांना अगदी बरोबर दिसते, आणि कुठल्याही किटचा साच्यातून आलेला पत्रा त्यापेक्षा जाडच असतो. डोनर हवेत ते गोल, पुन्हा पुन्हा येणाऱ्या आणि गुंतागुंतीच्या भागांसाठी. त्यांत पहिला मान चाकाचा.

चाकावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण गाडीची उंची, मडगार्डची कमान, साखळीची लांबी सगळं चाकावरून ठरतं. चाक चुकलं की वरचं कितीही सुबक काम केलं तरी गाडी ओळखीची वाटत नाही.

चाकाचं माप काढायचे दोन मार्ग आहेत. पहिला, टायरच्या आकड्यावरून. आजच्या टायरवरचा आकडा रिमचा व्यास सांगतो, पण त्या काळच्या हवेच्या टायरवरचा पहिला आकडा बहुधा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा असतो. फोर्ड मॉडेल टीचे पुढचे टायर ३० × ३ आणि मागचे ३० × ३½ इंच, म्हणजे चाक बाहेरून ३० इंच, ७६२ मिमी; १/३५ मध्ये २१.८ मिमी. युरोपातल्या गाड्यांवर ८८० × १२० असं मिलिमीटरमध्ये असायचं. ते १/३५ मध्ये २५.१ मिमी होतं. भरीव रबराच्या टायरचे आकडे मात्र सरसकट असे वाचू नका, काही ठिकाणी ते आतल्या पट्ट्याचा व्यास सांगतात. तिथे लॉरीच्या मूळ हँडबुकमधल्या आकृतीशी ताडून पाहा. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन लॉऱ्यांची हँडबुकं आणि पार्ट्स लिस्ट इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्टवर स्कॅन केलेली सापडतात. त्यांतल्या रेखाचित्रांत साखळीचं चक्र, ब्रेकचे दांडे, पाट्यांच्या पकडी इतक्या स्पष्ट असतात की नंतर कोणी काढलेल्या ब्लूप्रिंटची फारशी गरज उरत नाही.

दुसरा मार्ग फोटोवरून. गाडी तिरपी उभी असेल तर चाक लंबगोल दिसतं. अशा वेळी आडवा व्यास मोजू नका, उभा मोजा. लंबगोलाचा लांब अक्ष हाच खऱ्या व्यासाच्या जवळ राहतो. मग त्याच चाकाच्या अगदी शेजारची, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावरची माहीत असलेली दुसरी वस्तू मोजून प्रमाण काढा. पुढच्या चाकावरून मागचं मडगार्ड मोजायला गेलात की पर्स्पेक्टिव्ह फसवतो. आणखी एक: भरीव टायर झिजतात. वापरातल्या लॉरीचा टायर नव्या टायरपेक्षा चांगलाच बारीक झालेला असू शकतो, तेव्हा एकाच फोटोवर विसंबू नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे बेन न्यूज सर्व्हिसच्या काचेच्या निगेटिव्हचे मोठ्या आकाराचे स्कॅन मोफत आहेत. त्यांत त्या काळच्या लॉऱ्या सापडतात, आणि पुष्कळदा चाकाच्या हबवरचे बोल्टसुद्धा मोजता येतात.

समजा हँडबुकवरून चाक ३६ इंचाचं निघालं. ९१४ भागिले ३५, म्हणजे २६.१ मिमी. आता हाच २६.१ मिमीचा आकडा वेगवेगळ्या स्केलमध्ये उलटा फिरवा. १/३२ मध्ये तो ३३ इंचाचं चाक होतो. १/४३.५ मध्ये, म्हणजे ब्रिटिश ओ गेज रेल्वेत, जवळपास ४५ इंचाचं. तेव्हा १/३२ मधल्या कुठल्या जुन्या मोटारीचं चाक खऱ्यात ३३ इंचाच्या आसपास होतं ते पाहायचं. ते तुमच्या पीअरलेसच्या मापाचं निघेल. ओ गेजमधल्या घोडागाडीची मोठी चाकंही या पट्ट्यात येतात, पण त्यांचे आरे सडपातळ आणि बाहेरची धाव लोखंडी, पातळ असते. लॉरीला ती शोभत नाहीत. तोफगाडीला मात्र जरूर वापरा.

थेट १/३५ मध्ये पाहायचं तर आयसीएमचे दोन ट्रक पहिल्यांदा पाहा: स्टँडर्ड बी 'लिबर्टी' आणि एफडब्ल्यूडी टाइप बी. दोन्ही पहिल्या महायुद्धातले अमेरिकन, दोन्हींना भरीव टायर. किट घेण्याआधी त्यांच्या सूचनापत्रकाचं पीडीएफ उघडा आणि स्प्रूच्या (भाग जोडलेल्या चौकटीच्या) नकाशावरून चाकाचे आरे मोजा. तुमच्या गाडीच्या फोटोतले आरे आणि हे जुळले नाहीत तर नुसता व्यास जुळून उपयोग नाही. आऱ्यांची संख्या चुकली की जाणकाराची नजर तिथेच जाते. आऱ्याचा छेदही पाहा. लाकडी आरा लंबगोल असतो आणि हबपाशी पाचरीसारखा निमुळता होऊन दोन तबकड्यांमध्ये बोल्टने आवळलेला असतो. ओतीव पोलादाच्या चाकाचा आरा जाड आणि हबशी एकसंध. एकाच जागी दुसरा बसवला तर रंग दिल्यावरही लपत नाही. भरीव टायरची कड पाहा: ती जवळपास सपाट असते, बाजू किंचित तिरक्या. हवेच्या टायरचा गोल फुगवटा कानशीने घासून सपाट करता येतो, पण चारही चाकं एकसारखी घासणं कंटाळवाणं काम आहे.

१/३२ मध्ये एअरफिक्सची जुनी मोटारींची मालिका आहे. त्यातली १९११ ची रोल्स-रॉइस, १९१४ चा डेनिस आगीचा बंब आणि 'ओल्ड बिल' नावाने आलेली बी-टाइप बस या कामाच्या. लंडनच्या बी-टाइप बस फ्रान्समध्ये सैनिक वाहायला गेल्या होत्या, त्यामुळे १/३२ मध्येच बांधणाऱ्याला ती बस आयतीच मिळते. तुम्हाला त्यातून हवी ती फक्त चाकं, दिवे, पाटे आणि स्टीअरिंगचा खांब. रेव्हेलच्या 'हायवे पायोनीअर्स' मालिकेतली १९५० च्या दशकातली १/३२ किटही अजून फिरतात. त्यांचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, म्हणून भाग स्प्रूवरून तोडू नका, बारीक करवतीने कापून काढा.

डायकास्ट गाड्यांत मॅचबॉक्सची 'मॉडेल्स ऑफ येस्टरइयर' मालिका, १९५६ पासूनची, भरपूर मिळते. पण गाडी खोक्यात मावेल अशा बेताने बनवलेली असल्याने प्रत्येक मॉडेलचं स्केल वेगळं. यात तोटा मानू नका. कॅलिपर घेऊन तुटक्या गाड्यांच्या ढिगाशी बसलात तर २६ मिमीच्या जवळचं चाक कुठेतरी भेटतंच. विक्रेत्याला स्केल विचारू नका, चाकाचा व्यास विचारा आणि पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा.

एक सावधगिरी. जुन्या किटमधले मऊ काळे व्हिनाइलचे टायर पॉलिस्टायरीनच्या (किटच्या नेहमीच्या प्लास्टिकच्या) रिमवर तसेच चढवून ठेवू नका. त्यांतलं प्लास्टिसायझर (मऊपणासाठी घातलेलं रसायन) हळूहळू बाहेर येतं आणि रिम वितळवतं. बंद खोक्यातल्या जुन्या किटमध्ये टायर एखाद्या पारदर्शक भागाला टेकून राहिला असेल, तर तिथे चिकट खड्डा पडलेला दिसेल. घेताना तो आधी पाहा. असे टायर टाकून द्या आणि त्या जागी प्लास्टिकच्या नळीची चकती कापा.

नळीवरून आठवलं. २६ मिमीच्या आसपासची नळी मॉडेलिंगच्या तयार पट्ट्यांमध्ये सहज मिळत नाही, म्हणून लोक गोळ्यांच्या डब्या, पेनांची आवरणं, झाकणं वापरतात. त्यांतल्या बहुतेक पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीनच्या असतात आणि त्यांना कुठलंच प्लास्टिक सिमेंट धरत नाही. ओळखायची सोपी युक्ती: एक तुकडा पाण्यात टाका. ही दोन्ही प्लास्टिकं तरंगतात, पॉलिस्टायरीन बुडतं. बुडालेला प्रत्येक तुकडा पॉलिस्टायरीनच असेल असं नाही, म्हणून त्यावर सिमेंटचा थेंब टाकून पृष्ठभाग विरघळतो का तेही पाहा. तरंगलेलं बाजूला ठेवा.

आरे जुळतात पण व्यास लहान, असं डोनर चाक मिळालं तर ते फेकू नका. त्याचं रिम बाहेरून कापून नुसती आऱ्यांची चांदणी ठेवायची आणि ती नळीच्या कड्यात बसवायची. मी कडं आधी सपाट काचेवर दुहेरी टेपने चिकटवतो. चांदणीच्या प्रत्येक आऱ्याला थोडी थोडी कानस मारत ती कड्यात हलक्या दाबाने बसेल इतकी आणतो, आणि मग प्रत्येक सांध्याला पातळ सिमेंटचा एकेक थेंब ब्रशने देतो. केंद्र बरोबर आहे की नाही हे पाहायला हबमधून सुई घालून चाक बोटाने फिरवायचं. डगमग असेल तर सिमेंट ओलं असतानाच दिसते आणि तेव्हाच सरकवता येते. असं एकच चाक मनासारखं करा. बाकीची सिलिकॉनच्या साच्यातून रेझिनमध्ये ओता. मागची चाकं जोडीची असतील तर हे जास्तच कामाचं. साचा करण्याआधी चाकाची सपाट बाजू खाली चिकटवा, आऱ्यांच्या मागच्या कोपऱ्यांतल्या फटी मेणाने बुजवा आणि सिलिकॉन एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओता. बुडबुडे आऱ्यांच्या कोनात अडकले तर प्रत्येक ओतकामात तिथे गाठ येते. दुसऱ्या कंपनीचा भाग स्वतःच्या मॉडेलसाठी ओतणं वेगळं आणि त्याच्या प्रती विकणं वेगळं. दुसरं करू नका.

थ्री-डी प्रिंटरची सोय असेल तर चाकासारखं काम त्याच्यासाठीच आहे. १/३२ ची फाइल १/३५ ला न्यायची तर ९१.४ टक्के, १/४८ ची न्यायची तर सुमारे १३७ टक्के. लहान स्केलची फाइल मोठी केली की कोन आणि रिव्हेट बोजड दिसतात, तेव्हा शक्यतो मोठ्याकडून लहानाकडे या. प्रिंट तिरपी ठेवून काढा म्हणजे टायरच्या सपाट कडेवर पायऱ्या कमी येतात, आणि रेझिन पूर्ण पक्कं झाल्यावर व्यास पुन्हा मोजा.

आता साखळी. लिबर्टी आणि एफडब्ल्यूडी दोन्ही शाफ्टवर चालणारे, म्हणून त्यांच्या किटमधून साखळीचा संच मिळणार नाही. मागचा अ‍ॅक्सल, आडवा शाफ्ट आणि त्यावरची दातेरी चक्रं तुम्हालाच करावी लागतील. साखळीचा पिच (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) काढायला चक्राचे दात मोजा. चक्राच्या व्यासाला ३.१४ ने गुणा, दातांच्या संख्येने भागा. कामापुरता पिच मिळतो. समजा तो दीड इंच निघाला, तर १/३५ मध्ये १.१ मिमी, पावणेदोन इंच निघाला तर १.२७ मिमी. आता गंमत पाहा. मोठ्या मोटारसायकलच्या साखळीचा पिच पाच-अष्टमांश इंच असतो, म्हणजे १५.९ मिमी. १/१२ स्केलच्या मोटारसायकल किटसाठी फोटो-एचची (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याची) जी साखळी मिळते तिचा पिच त्यामुळे १.३ मिमीच्या आसपास येतो. रेसिंग मोटारसायकलसाठी केलेली वस्तू शंभर वर्षांपूर्वीच्या लॉरीला जवळजवळ नेमकी बसते! उलट १/३५ च्या लष्करी मोटारसायकलची साखळी इथे फार बारीक पडेल. फ्यूझी पद्धतीच्या जुन्या खिशातल्या घड्याळात अतिशय बारीक साखळी असते, तीही काही जण वापरतात. पण चालू घड्याळ त्यासाठी उघडू नये असं माझं मत. जे १/२४ मध्ये बांधतात त्यांच्यासाठी मोनोग्रामचा मॅक बुलडॉग हा साखळीवाला ट्रक आहे, आणि त्याची मागची मांडणी नुसती अभ्यासायलाही उपयोगी पडते.

साखळी ताणलेली दाखवू नका. खालची किंवा वरची एक बाजू किंचित झोळलेली असते. कुठली, ते फोटोत पाहून ठरवा.

टरेटसाठी मिनीआर्टची १/३५ ऑस्टिन चिलखती गाडी सगळे सुचवतात. चिलखत त्याच कंपनीचं, टरेटही दोन, तेव्हा सुचणं साहजिक आहे. तरी नुसत्या टरेटसाठी ते किट घेऊ नका. आतल्या तपशिलासकट येणारं ते चांगलं किट आहे, आणि टरेटची भिंत म्हणजे गोलाकार वळवलेला पत्रा, जो ०.२५ मिमी शीट योग्य व्यासाच्या नळीवर गुंडाळून, गरम पाण्यात धरून सहज होतो. शिवाय ऑस्टिनचे टरेट पीअरलेसच्या मापाचे आहेत हे रेखाचित्रावर ताडल्याशिवाय गृहीत धरता येणार नाही. ऑस्टिनच्या किटमधून खरं हवं ते बिजागऱ्या, झडपांच्या मुठी, कुलपं, टेहळणीच्या फटी. आणि ते फुकट मिळायची शक्यता मोठी आहे. एकाच साच्यावरून कंपनी गाडीच्या अनेक मालिका काढते, तेव्हा प्रत्येक खोक्यात त्या आवृत्तीत न लागणारे भाग उरतात. सूचनापत्रकाच्या स्प्रू-नकाशात ते करड्या रंगाने किंवा फुलीने दाखवलेले असतात. ज्याने ते किट बांधलं आहे त्याच्याकडे हे भाग पडून असतात. मी डोनर शोधतो तो बहुतेक वेळा असाच: किटचं सूचनापत्रक आधी वाचायचं, न लागणाऱ्या भागांचे क्रमांक टिपायचे, आणि मग ओळखीच्या मॉडेलरांना नेमके तेवढेच क्रमांक विचारायचे. "तुझ्याकडे काही जादा आहे का" असं विचारलं तर कोणी कपाट उघडत नाही. "बी स्प्रूवरचे १४ आणि १५ नंबर" म्हटलं की पाकीट येतं.

मशीनगनसाठी लोकांचा पहिला हात विमानांच्या किटकडे जातो, कारण १/३२ मध्ये पहिल्या महायुद्धातली विमानं भरपूर आणि त्यांच्या बंदुका देखण्या. तिथे थांबा. विमानावरची व्हिकर्स हवेने थंड होते, तिच्या आवरणाला फटी कापलेल्या असतात; जमिनीवरच्या व्हिकर्सचं आवरण पाण्याने भरलेलं, बंद. विमानावरच्या लुईसचं जाड आवरण बहुधा काढून टाकलेलं. त्यामुळे विमानाची बंदूक चिलखती गाडीला क्वचितच चालते. जमिनीवरच्या व्हिकर्स, मॅक्सिम, लुईससाठी आयसीएमचे पहिल्या महायुद्धातल्या पायदळाच्या शस्त्रांचे १/३५ संच देशागणिक वेगवेगळे आहेत, आणि एका संचात अनेक गाड्यांची सोय होते. पण पीअरलेसवर हॉचकिस आहे, .३०३ ची हलकी. तीच बंदूक ब्रिटिश मार्क ५ आणि व्हिपेट रणगाड्यांवर होती, म्हणून या दोन रणगाड्यांच्या १/३५ किटमधली बंदूक आणि तिचं बॉल माउंट (बंदूक वळवू देणारी गोल बैठक) तुम्हाला हवं. मार्क ४ वर लुईस होती, त्यामुळे मार्क ४ चं किट या कामाला नको. नावातल्या एका आकड्याने इथे फसायला होतं.

बंदुकीचा बहुतेक भाग टरेटच्या आत राहतो. बाहेर दिसते ती नळी आणि माउंट. नळीचं टोक किटमध्ये भरीव असेल तर ते कापून तिथे २५ गेजच्या इंजेक्शनच्या सुईचा तुकडा लावा. तिचा बाहेरचा व्यास सुमारे ०.५ मिमी, आतलं भोक सुमारे ०.२६ मिमी, १/३५ मध्ये ते अनुक्रमे १८ आणि ९ मिमी होतं, रायफलच्या काडतुसाच्या नळीला पटेल असं. कोणी ३७ मिमीची तोफ करत असेल तर १७ गेजची सुई पाहावी, तिचं भोक १.०७ मिमी, म्हणजे १/३५ मध्ये साडेसदतीस मिमी. सुई नवी, न वापरलेलीच घ्या. पक्कडीने तोडली तर भोक चेपतं. कटिंग डिस्कने कापा, डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि टोक तेलदगडावर घासा.

पाटे मी डोनरमधून फारसे घेत नाही. साच्यातल्या पाट्यांच्या रेघा उथळ असतात आणि पानांची संख्या आपल्या गाडीशी जुळत नाही. अडीच इंच रुंदीचं पान १/३५ मध्ये १.८ मिमी, तीन इंचाचं २.२ मिमी. ०.२५ मिमी शीटच्या पट्ट्या उतरत्या लांबीच्या कापून बाटलीच्या बाकावर सिमेंटने ओल्या असतानाच बांधून ठेवल्या की रात्रीत कमान पक्की होते. एक करून ओतून घ्या. डोनरमधून हव्यात त्या टोकाच्या पकडी आणि यू-बोल्ट.

रिव्हेटबद्दल एवढंच: अर्ध्या इंचाच्या रिव्हेटचं डोकं साधारण २० मिमी रुंद, १/३५ मध्ये ०.५७ मिमी. ०.६ मिमीच्या रेझिन रिव्हेट किंवा पाण्याने चिकटणाऱ्या फिल्मवरच्या रिव्हेट पत्र्यांना पुरतात. षटकोनी बोल्टसाठी मेंगचे नट-बोल्ट संच किंवा रेल्वे मॉडेलसाठी टिची ट्रेन ग्रूपचे नट-बोल्ट-वॉशर घ्या. ते पातळ सुरीने कापून घेता येतात आणि वॉशरसकट येतात, हा त्यांचा मोठा गुण.

खरेदीचा क्रम सांगायचा तर आधी चाक हातात येऊ द्या, मग चेसिसची रुंदी आणि मडगार्ड आखा, मग साखळी मागवा, कारण तिचा पिच चक्राच्या व्यासाशी बांधलेला आहे. मशीनगन सगळ्यात शेवटी घेतली तरी चालते. तिच्यासाठी टरेटला फक्त बॉल माउंटच्या व्यासाचं भोक सोडून ठेवा, आणि ते भोक आधी अर्धा मिलिमीटर लहानच ठेवा. माउंट आल्यावर गोल कानशीने वाढवता येतं. दिव्यांसाठी रेल्वे मॉडेलमधले पितळी दिवे चालतात. काच म्हणून ३ मिमीच्या पारदर्शक एलईडीचं गोल टोक कापून, मागची बाजू घासून, चंदेरी रंगावर बसवा. ३ मिमी म्हणजे १/३५ मध्ये साडेदहा सेंटिमीटर, बाजूच्या लहान दिव्याला ठीक. पुढच्या मोठ्या दिव्याला ५ मिमीचा घ्या.